दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते: पार्ट बदलण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहता, सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, रोजचं जाणं-येणं शाहूपुरीपर्यंत. बॅटरी ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती माल मावतो त्याचं माप), टाकून आठ-नऊ महिने झालेत. गाडी दोन दिवस जागेवर राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो, दुसऱ्या बॅटरीवरून केबलने जम्प दिला की लगेच चालू होते. उद्यमनगरात एका वायरमनने अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेलाय म्हणून सांगितलं, बॅटरीवाल्याने बॅटरीच बदला म्हटलं. चार महिन्यांपूर्वी स्क्रीनचा टेप (म्युझिक सिस्टीम) आणि रिव्हर्स कॅमेरा बसवलाय. आता नेमकं काय बदलायचं?

आत्ता काहीच बदलू नका. दोघांपैकी कुणाचंही म्हणणं खरं निघू शकतं, पण कुणीच एकही आकडा मोजून सांगितलेला नाही. पाण्याच्या टाकीसारखं बघा: टाकीच (बॅटरी) बारकी झाली असेल, मोटर (अल्टरनेटर) नीट भरत नसेल, नाहीतर कुठेतरी नळ गळत असेल, म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी करंट खात असेल. तिन्हीचं लक्षण एकच, सकाळी टाकी रिकामी. नवी बॅटरी टाकली की महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं, कारण गळती तशीच राहिलेली असते.

पुढच्या वेळी गाडी चालू होणार नाही तेव्हा जम्प देण्याआधी एक काम करा. साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर टोकं लावा. क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटावर. १२ च्या खाली, ११.५ वगैरे दिसलं तर बॅटरी खरंच उतरलीय. पण १२.४ किंवा जास्त दिसलं आणि तरी सेल्फ टकटक करतोय, तर बॅटरी उतरलेली नाही, करंट पोचत नाहीये. मग क्लॅम्प ढिला असेल, खुंटावर पांढरी-हिरवी पूड साठली असेल, बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थची वायर गंजली असेल, नाहीतर सेल्फचं काम असेल. जम्प दिल्यावर गाडी चालू होते म्हणून बॅटरीच संपली असं धरू नका. केबलचा चिमटा दाबून लावताना ढिला क्लॅम्पसुद्धा जागेवर बसतो. हे पक्कं करायचं तर एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटरचं एक टोक खुंटावर, दुसरं त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर धरायचं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला की तिथे साफसफाई. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ब्रशने घासा, धुवा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

आता बॅटरी खरंच उतरते असं धरून हिशेब करू, कारण तुम्ही सांगितलेल्या “दोन दिवस” या एका गोष्टीत बरीच माहिती आहे.

कुठलीही गाडी बंद असतानासुद्धा थोडा करंट घेते. घड्याळ, रिमोट लॉकचा रिसीव्हर, ईसीयूची (इंजिनच्या कंप्युटरची) मेमरी. २० ते ५० मिलिअँपिअर म्हणजे ठीक. ५० धरले तरी दिवसाला १.२ एएच, दोन दिवसांत अडीचही नाही. ३५ एएचची भरलेली, धडधाकट बॅटरी तेवढ्याने उतरत नाही, पंधरवडा सहज काढते. दोन दिवसांत सेल्फ फिरेनासा व्हायला साधारण २० एएच जायला हवेत. २० भागिले ४८ तास म्हणजे ०.४ अँपिअरच्या आसपास. याचा अर्थ एक तर गाडी बंद असताना कुणीतरी चारशे मिलिअँपिअर खातंय, नाहीतर बॅटरी मुळात कधी पूर्ण भरतच नाही आणि तिची क्षमताही घटलीय, त्यामुळे दीडशे-दोनशे मिलिअँपिअरची गळतीसुद्धा तिला पुरते. माझा अंदाज दुसऱ्याकडे जास्त झुकतो, म्हणजे गळती आणि अर्धवट चार्जिंग अशी दोन्ही कारणं एकत्र. पण तो अंदाज आहे, मोजल्याशिवाय खरा धरू नका.

याच हिशेबाने काही संशयित बादही होतात. ब्रेक पेडलच्या स्विचवरचा रबरी तुकडा झिजून तुटला की ब्रेक लाईट पेटलेले राहतात. पण २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर खातात, बॅटरी एका रात्रीत झोपते. पार्किंग लाईटचंही तसंच. तुमची गाडी एक रात्र काढते आणि दोन दिवसांनी दगा देते, म्हणजे चोर लहान आहे. डिक्कीतला ५ वॅटचा दिवा बरोबर ०.४ अँपिअर खातो, म्हणून तो आधी बघा. डिक्कीत मोबाईल व्हिडिओ रेकॉर्डिंगवर ठेवून दार लावा, मिनिटभराने उघडून बघा. डॅशबोर्डच्या खणातल्या दिव्यालाही हेच. हे काम फुकटात होतं.

दिवे बंद निघाले तर पुढची पायरी बॅटरी चार्जिंगची. बॅटरीवाल्याकडे देऊन पूर्ण चार्ज करून घ्या. ३५ एएचला साडेतीन अँपिअरने दहा तास, म्हणजे रात्रभर. “तासाभरात करून देतो” म्हणणाऱ्याकडे देऊ नका. जास्त करंट ढकलला की व्होल्टेज वर दिसतं, प्लेटा तापतात आणि आत माल भरतच नाही. जम्प देऊन शाहूपुरीची फेरी मारल्यानेही ती भरत नाही.

चार्ज झाल्यावर चार-पाच तास नुसती राहू द्या, मग मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. आता ती गाडीत ठेवा, पण मायनस न जोडता दोन दिवस तशीच सोडा आणि पुन्हा मोजा. १२.५ च्या वर राहिली तर बॅटरी स्वतःहून उतरत नाही, गळती गाडीत आहे. १२.२ वर आली, किंवा आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एखादा शॉर्ट असल्यामुळे थेट साडेदहाच्या घरात पोचली, तर दोष बॅटरीत आहे आणि पुढचं काही करायची गरज नाही. गाडीची आणि बॅटरीची फारकत करणारी ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे, पण दोन दिवस गाडी वापरता येत नाही म्हणून बहुतेक जण ती टाळतात आणि भलतेच पार्ट विकत घेतात.

बॅटरी टिकली तरी ती पहिल्यासारखी आहे का, हेही बघावं लागेल. एकदा पूर्ण उतरलेली शिशाची बॅटरी पूर्वपदाला येत नाही. १२.४ च्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. तुमची गेल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा उतरलीय, त्यामुळे वय आठ-नऊ महिने असलं तरी तिला नवी धरता येणार नाही. पूर्ण चार्ज असताना सेल्फ मारताना मीटर बघा: ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. आपल्या हवेत चांगली बॅटरी दहाच्या वरच राहते. पाणी घालायच्या झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघून घ्या. रीडिंग १२५० ते १२८० दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ हवं. पाच सेल १२६० आणि एक १२०० असेल तर तो सेल गेला. बॅटरीवाल्याकडच्या छापील पावतीवाल्या टेस्टरवर तपासणार असाल तर तेही चार्ज झाल्यावरच. उतरलेल्या बॅटरीला तो टेस्टर “बदला” असंच म्हणेल, आणि तुमच्या बाबतीत कदाचित तेच झालंय.

अल्टरनेटरकडे येऊ. आधी एक कळकळीची विनंती. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला, ही जुनी पद्धत अजून चालते. तुमच्या गाडीवर ती कुणालाही करू देऊ नका. बॅटरी काढली की अल्टरनेटरच्या व्होल्टेजला लगाम राहत नाही, क्षणभर ते कितीतरी पटीने उसळतं आणि ईसीयू, एअरबॅग मॉड्यूल, टेप यांतलं काहीही जळू शकतं. डिझेल जीपच्या जमान्यात हे खपून गेलं, इंजेक्शनच्या गाडीत खपत नाही.

मीटरने बघणं दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन चालू, रेस दीड-दोन हजारावर, हेडलाईट आणि ब्लोअर चालू. बॅटरीवर १३.८ ते १४.६ व्होल्ट यायला हवेत. १३.२ च्या वर चढतच नसेल तर अल्टरनेटरचा बेल्ट, कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) आणि आतले कार्बन ब्रश बघावे लागतील. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळतेय. इथे गाडीनुसार फरक पडतो: मायनस क्लॅम्पवर छोटा सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे मधेच १२.८ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर बाद करू नका. पाच-दहा मिनिटं लोड टाकून बघा.

आणि एक चाचणी जी सहसा कुणी करत नाही. इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवर मोजा. ०.१ च्या आत असेल तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे अल्टरनेटरमधले भाग) ठीक. ०.५ च्या वर असेल तर एखादा डायोड गेलाय. गेलेला डायोड दोन्हीकडून मारतो: चार्जिंग कमी होतं आणि गाडी बंद असताना बॅटरीचा करंट अल्टरनेटरमधून उलटा वाहतो. तसं असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागू शकतो. स्वस्तातला मीटर एसीवर ठेवल्यावर २६-३० असा आकडा दाखवेल तर घाबरू नका, तो मीटर डीसी वेगळं काढत नाही, दुसरा वापरा.

हे सगळं ठीक निघालं की गळती मोजायची. कोल्हापुरात बरेच जण इथे क्लॅम्प मीटर काढतात, पण घरच्या वायरिंगचा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी वाचतो. डीसी मिलिअँपिअर वाचणारा वेगळा असतो आणि महाग असतो. साध्या मल्टिमीटरने काम होतं, फक्त क्रम नीट पाळावा लागतो.

लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला. २०० मिलिअँपिअरच्या नाही, गाडी जागी असताना काही अँपिअर खाते आणि मीटरचा फ्यूज उडतो. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. बोनेट उघडा आणि त्याचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून “बंद” करा. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर ड्रायव्हरचं दारही उघडं ठेवून त्याचं कुलूप तसंच फिरवा. असं केलं की गाडीला वाटतं सगळं बंद आहे. चाव्या घरात ठेवा. बटण स्टार्टची चावी खिशात असेल तर गाडी झोपतच नाही, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण बंद होत नाहीत. मग मायनसचा खुंट आणि मायनसची केबल यांच्यामध्ये आधी एक चिमट्यांची वायर जोडा, मगच १० नंबरच्या पान्याने क्लॅम्प सोडवा. मीटर त्या वायरीला समांतर लावा आणि शेवटी वायर काढा. या उपद्व्यापाचं कारण असं की पुरवठा क्षणभर जरी तुटला तरी सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) नव्याने जागे होतात, आणि कधी कधी जी चूक पकडायचीय तीच रीसेट होऊन नाहीशी होते.

आता थांबा. सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसतील, मग टप्प्याटप्प्याने उतरतील. काही गाड्या दहा मिनिटांत झोपतात, काहींना चाळीस लागतात. या थांबण्याला पर्याय नाही. पाच मिनिटांनी वाचलेल्या आकड्यावर चांगले पार्ट बदलले जातात. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

चाळीस मिनिटांनी ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर गळती नाही, किमान त्या वेळी तरी नाही. १५०, ३००, ४०० दिसलं तर चोर घरात आहे.

तो कुठल्या फ्यूजवर आहे हे शोधताना बहुतेक वायरमन एकेक फ्यूज उपटतात. चालतं, पण फ्यूज परत बसवला की ते मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा थांबावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटरने मिलिव्होल्ट मोजा. करंट वाहत नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर पाऊण मिलिव्होल्ट दिसला तर तिथून साधारण १०० मिलिअँपिअर जातोय. मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचणारा हवा, एवढीच अट. सगळे फ्यूज पाच मिनिटांत बघून होतात आणि गाडी झोपलेलीच राहते.

तुमच्या गाडीत मी पहिल्यांदा टेपचा फ्यूज बघेन, कारण चार महिन्यांपूर्वी बदललेली गोष्ट तीच आहे. मागच्या वायरींत पिवळी कायमच्या पुरवठ्याची आणि लाल चावीवर येणाऱ्या पुरवठ्याची. चावीची वायर शोधायचा कंटाळा आला की दोन्ही एकत्र पिवळीला जोडल्या जातात. मग तुम्ही बटण दाबून स्क्रीन काळी करता, पण आतला प्रोसेसर चालूच राहतो आणि दोन-तीनशे मिलिअँपिअर सहज खातो. तपासायला सोपं आहे: चावी काढा, टेप बाहेर ओढा, लाल वायरवर मोजा. शून्य हवं. १२ असेल तर सापडलं. वायरिंग बरोबर असूनही काही अँड्रॉइड टेप लवकर चालू होण्यासाठी अर्धवट झोपतात. सेटिंगमध्ये फास्ट बूट किंवा स्लीपचा पर्याय असतो, तो बंद करा. रिव्हर्स कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्सच्या दिव्यावर आहे की कायमच्या पुरवठ्यावर, हेही त्याच वेळी बघून घ्या. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये कायम खोचलेला स्कॅनर, सगळे याच यादीतले.

एकाही फ्यूजवर काही दिसत नाही, तरीही मीटर ३०० दाखवतोय, तर अल्टरनेटरची जाड वायर उरते, ती सहसा या छोट्या फ्यूजांमधून जात नाही. मायनस काढून, त्या वायरचा नट सोडवून तिला रबर गुंडाळा आणि पुन्हा मोजा. करंट गेला तर डायोडवर शिक्का.

गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर आणखी एक शक्यता गंभीरपणे घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात बऱ्याच गाड्यांत पाणी शिरलं. कार्पेटखालचे कनेक्टर तेव्हा वाळवले गेले असले तरी आतल्या पिना हिरव्या पडत राहतात आणि ओल आली की दोन पिनांमधून करंट झिरपतो. याची खूण म्हणजे गळती पावसाळ्यात जास्त आणि मार्च-एप्रिलमध्ये जवळपास गायब. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून वळीत गाळ दिसतो का बघा, सीटच्या रुळाखाली गंज आहे का बघा. तसं असेल तर मोजणी पावसाळी दिवशी करा. कोरड्या दिवशी सगळं ठीक दिसेल आणि तुम्ही फसाल.

राहता राहिली रोजची छोटी फेरी. सेल्फ मारल्याने बॅटरी संपते असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. दीडशे अँपिअर दीड सेकंद म्हणजे ०.१ एएचसुद्धा होत नाही. खरी अडचण ही की दिवसभराची साधारण एक एएचची नैसर्गिक गळती जायची-यायची मिळून वीस मिनिटांत भरून काढायची असते, आणि बॅटरी भरत आली की ती चार-पाच अँपिअरच घेते. जेमतेम जमा-खर्च जुळतो. पावसात हेडलाईटचे दहा अँपिअर, वर ब्लोअर, वायपर, काच साफ करणारा हीटर आणि सिग्नलला आयडलवर उभं राहणं, की खातं तुटीत. म्हणून टेपची गळती सापडून बंद झाली तरी आठवड्यातून एकदा कागलपर्यंत जाऊन-येऊन तासभर गाडी चालवा, आणि पावसाळ्यात एकदा चार्जरवर रात्रभर लावा.

गळती सापडेपर्यंत गाडी दोन दिवस उभी ठेवायची असेल तर मायनस काढून ठेवा. परत जोडल्यावर पॉवर विंडोचं ऑटो आणि घड्याळ पुन्हा सेट करावं लागेल, काही टेप कोड मागतात, तो आधी लिहून ठेवा. आयडल दिवसभर जरा वर-खाली होईल, ते आपोआप बसतं.

हे आकडे मोजून इथेच टाका: उतरलेली असताना खुंटावरचे व्होल्ट, चार्ज करून सोडवून ठेवलेल्या बॅटरीचे दोन दिवसांनंतरचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे डीसी आणि एसी, आणि चाळीस मिनिटांनंतरचे मिलिअँपिअर. सोबत गाडीचं मॉडेल लिहा, आणि पेट्रोलबरोबर सीएनजीही असेल तर ते कंपनीचं आहे की बाहेरून बसवलेलं तेही लिहा, कारण बाहेरच्या किटचा स्वतःचा ईसीयू असतो आणि त्याची वायर कुठून घेतलीय ते फ्यूज बॉक्स बघून कळत नाही.